आवाज येतोय का आमचा?

माझी भाची समीक्षा चार वर्षांची होईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. आमच्या नौपाड्यात कुणाचं मूल उशिरा बोलायला लागलं की घरोघरचे उपाय चालत येतात. कुणी वेखंड उगाळून दिलं, कुणी मध चाटवायला सांगितला. मी तेव्हा शाळेत शिकवायचे, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती, आणि मी म्हटलं, आधी तो टीव्ही बंद करा. नशीब, माझं कुणी ऐकलं नाही.

कारण एका संध्याकाळी तिच्या हातून दुधाचा पेला सांडला. माझी वहिनी मंजुळा फडकं आणायला उठली, तेवढ्यात त्या एवढ्याशा पोरीने तोंड उघडलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "व्यत्ययाबद्दल क्षमस्व."

दूरदर्शनवर चालू कार्यक्रम मध्येच बंद पडला की ते असं म्हणायचे. मंजुळा फडकं हातात धरून तिथेच रडायला लागली. माझा भाऊ श्रीपाद, म्हणजे समीक्षाचा बाप, चष्मा पुसत म्हणाला, "ताई, आपल्या घरात एवढं शुद्ध कुणीच बोलत नाही गं."

पुढे ती बोलायला लागली ती टीव्हीच्याच तोंडाने. आम्हाला आधी वाटायचं, पोपटपंची आहे. मग हळूहळू ध्यानात आलं की ती वाक्य उचलते टीव्हीवरचं, पण वापरते स्वतःच्या कामासाठी, आणि एकदा ठरवलेलं काम बदलत नाही. तिला एकटं बसायचं असलं, नकोसं झालं असलं, की खोलीच्या दारात उभी राहून सांगते, "मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, असा इशारा हवामान खात्याने दिला आहे." मग दार लावून घेते. त्यानंतर त्या दारावर टकटक करायची नाही, हे आमच्या घरी येणाऱ्या भांडीवाल्या बाईलासुद्धा पाठ आहे. काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही की "आता घेऊया एक छोटासा ब्रेक." आणि धक्का बसला तर मालिकेतल्या बायकांसारखी मान तीनदा वळवते, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून आणि एकदा समोरून. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, मान लचकली.

आपल्या बोलण्याकडे कुणाचं लक्ष नाही असं वाटलं, की ती रस्त्यावर उभ्या असलेल्या वार्ताहरासारखं कानाला बोट लावते, मान जरा वाकडी करते आणि विचारते, "आवाज येतोय का आमचा?" मग हातातलं काम टाकून तिच्याकडे बघायचं आणि "येतोय" म्हणायचं. तसं म्हटलं नाही, तर ती विचारतच राहते.

पण या सगळ्यांत मोठा मान निराळाच. तो मला मिळाला तेव्हा ती शाळेत होती. माझी आई, म्हणजे तिची आजी, गेली होती. येणारा प्रत्येक जण पोरीला सांगत होता की आजी देवाघरी गेली, आजी झोपली, आजी गावाला गेली. ती दर वेळी मान तीनदा वळवायची. शेवटी मी वैतागले आणि तिला समोर बसवून सांगितलं, "आजी मेली. तिचं हृदय बंद पडलं. ती आता परत येणार नाही. मलाही रडू येतंय." या वेळी तिने मान वळवली नाही. मग स्टुडिओतल्या निवेदिकेसारखी माझ्याकडे वळून म्हणाली, "धन्यवाद सगुणा, या सविस्तर माहितीबद्दल." एरवी मी तिची आत्या. त्या एका वाक्यापुरती सगुणा.

तेव्हा मला कळलं की हे धन्यवाद फक्त त्याला मिळतात, जो तिला आडपडदा न ठेवता सांगतो. श्रीपादला ते दोन-तीनदा मिळाले. मंजुळाला कधीच नाही. मंजुळाला सगळं गोड करून सांगायची सवय, आणि "समीक्षा, नीट बोल, चारचौघांसारखं बोल" हे दिवसातून कितीदा तरी. "पोटात मी वाढवलं आणि धन्यवाद तुम्हाला," असं ती मला हसत हसत म्हणायची. पण ते तिला लागायचं.

मोठेपणी एका डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, ऑटिझम. मराठीत स्वमग्नता म्हणतात म्हणे. मला तो शब्द काही पटत नाही. आमची पोरगी स्वतःत कसली मग्न, ती जगाचा एकेक शब्द टिपून ठेवते. बाईंनी सांगितलं की अशी कितीतरी माणसं टीव्हीतून, सिनेमातून वाक्यं आणि लकबी उचलतात आणि त्यांवर आपलं काम चालवतात. श्रीपाद म्हणाला, "आम्ही तरी काय करतो? मी ऑफिसात आमच्या साहेबासारखाच खोकायचो."

आता ती नौपाड्यातच एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर आहे. पेशंटचे कागद टेबलावर आपटून सरळ करते, समोर बघते आणि म्हणते, "आता वळूया पुढच्या पेशंटकडे." दाढ धरून बसलेला माणूससुद्धा हसतो. तिथे तिचं छान चाललंय. पण मंजुळाच्या डोक्यात एकच भुंगा, आपल्यामागे हिचं कसं होणार. त्यातूनच गेल्या वर्षी सुदेशचं स्थळ आलं.

सुदेश घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहणारा, आयटीतला, एकुलता एक. त्याची आई रतनबाई मंजुळाशी फोनवर तासभर गोड बोलली. मंजुळाही तितकंच गोड बोलली आणि ऑटिझमचा शब्द काढला नाही. श्रीपाद म्हणाला, "अगं, आधी सांगायला हवं." मंजुळा म्हणाली, "पसंती तर येऊ दे, मग सांगू." मग तिने समीक्षाला फोनवर एका मालिकेचा भाग काढून दिला. त्यात मुलगी बघायला पाहुणे येतात. "ती मुलगी कशी वागते बघ. अगदी तसंच कर."

समीक्षाने तो भाग इतक्यांदा बघितला की मलाही पाठ झाला. माझी सासू म्हणून नेमणूक झाली. मी सोफ्यावर बसायचे, ती ट्रे घेऊन यायची, नजर खाली, आवाज मऊ, "साखर किती घालू?" इतकं हुबेहूब की माझ्या अंगावर काटा आला, आणि राग आला तो वेगळाच. आमची खणखणीत पोरगी कुठे गेली?

पाहुणे यायच्या दिवशी मंजुळा पोहे भिजवत होती. समीक्षा साडी नेसून दारात आली.

"किती भाग?" तिने विचारलं.

"आजचा एकच, राणी."

"लग्नानंतर किती भाग?"

मंजुळाचा हात पोह्यांत थांबला. "तेव्हाचं तेव्हा बघू."

समीक्षाने मान तीनदा वळवली. मी म्हटलं, "मंजुळा, हे काही उत्तर नाही."

"ताई, तुम्ही मध्ये पडू नका."

"मी मध्ये पडायलाच आलेय," मी म्हटलं. मग आम्ही दोघी एकमेकींशी न बोलता खोबरं खवत बसलो.

पाहुणे तास-दीड तास उशिरा आले. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून येणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही. समीक्षा ट्रे घेऊन आली आणि तिने कार्यक्रम असा काही वठवला की रतनबाईंचे डोळे भरून आले. "अशी मुलगी हल्ली बघायला मिळत नाही हो," त्या म्हणाल्या. मंजुळा माझ्याकडे जिंकल्यासारखी बघत होती.

मग रिवाजाप्रमाणे दोघांना गॅलरीत बोलायला पाठवलं. मी खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले होते. मुद्दाम नव्हे, पण सगळं ऐकू येत होतं. सुदेश बरा मुलगा वाटला. म्हणाला, "मी नौपाड्यात आलेलो मागे, मित्राच्या लग्नाला. तू घरी आल्यावर काय करतेस? म्हणजे तुला काय आवडतं?"

मालिकेत हा प्रश्न नव्हता. तिथे मुलीला काय आवडतं हे कुणी विचारलंच नव्हतं. समीक्षा म्हणाली, "आता घेऊया एक छोटासा ब्रेक."

सुदेश खो-खो हसला. तिने मान तीनदा वळवली. तो आणखी हसला. आत येऊन म्हणाला, "आई, एकदम भारी आहे ही. मजा येते बोलायला."

"मग आमच्याकडून होकारच समजा," रतनबाई म्हणाल्या. मंजुळा लगेच आतून पेढ्यांचा बॉक्स घेऊन आली. तो सकाळपासून तयार होता. सगळ्यांनी सगळ्यांना विचारलं, श्रीपादला विचारलं, अगदी मलाही विचारलं. समीक्षाला विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

ती खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली. नजर वर, आवाज खणखणीत, तिचा नेहमीचा. "मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, असा इशारा हवामान खात्याने दिला आहे."

सुदेशला पुन्हा हसू फुटलं. रतनबाई म्हणाल्या, "टीव्हीचा बराच नाद दिसतोय."

"हो ना, सारख्या नकला करते," मंजुळा म्हणाली आणि बॉक्स उघडायला लागली.

माझ्या तोंडात पोह्यांचा घास नसता तर मी तेव्हाच तोंड सोडलं असतं. समीक्षाने इशारा पुन्हा दिला, पहिल्यापेक्षा मोठ्याने. पुन्हा हशा झाला. तेव्हा तिने कानाला बोट लावलं, मान जराशी वाकडी केली आणि खोलीतल्या बाकी कुणाकडे न बघता फक्त आईकडे बघितलं.

"आवाज येतोय का आमचा?"

तिने पुन्हा विचारलं. "आवाज येतोय का आमचा?"

"हे आता कुठल्या चॅनेलवरचं?" रतनबाई म्हणाल्या.

मंजुळाने बॉक्सचं झाकण परत लावलं. "येतोय," ती लेकीला म्हणाली. "येतोय गं बाळा. अगदी स्पष्ट येतोय." मग रतनबाईंकडे वळली. "ती नकला करत नाहीये. ती असंच बोलते. तिला ऑटिझम आहे. मी तुम्हाला फोनवरच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, माझं चुकलं. आणि आत्ता तिने नाही म्हणून सांगितलंय."

"मुलगी नाही म्हणाली?" रतनबाईंना ऑटिझमपेक्षा याचाच धक्का जास्त बसलेला दिसला.

"दोनदा म्हणाली. मीच ऐकलं नाही."

समीक्षाने कानावरचं बोट काढलं, आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. रतनबाईंनी पर्स उचलली. सुदेश दारात घुटमळला आणि मंजुळाला म्हणाला, "काकू, मला वाटलं जोक मारतेय ती. मी येड्यासारखा हसत बसलेलो. तिला सॉरी सांगा." मला त्याचं कौतुक वाटलं. रतनबाई लिफ्टपाशी पोचल्या होत्या आणि तिथून म्हणत होत्या की चल लवकर, परत तेवढंच ट्रॅफिक कापायचंय.

मी आता खूप काही बोलणार होते. तयारी झाली होती. पण मंजुळा लेकीच्या बंद दारासमोर जाऊन उभी राहिली आणि मी गप्प बसले. इशारा दिल्यावर टकटक करायची नाही, म्हणून तिने दाराला हात लावला नाही. फक्त म्हणाली, "व्यत्ययाबद्दल क्षमस्व."



"ते गेले," मंजुळा दाराला म्हणाली. "परत येणार नाहीत. मी तुला दुसऱ्याच मुलीसारखं वागायला लावलं, कारण मला भीती वाटते. आम्ही मेल्यावर तुझ्याबरोबर कोण असेल, हे मला माहीत नाही. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. आणि लग्नानंतर किती भाग, असं तू विचारलंस ना, तर जन्मभर. मला ते ठाऊक होतं, म्हणून मी सांगितलं नाही." तिने पदराने नाक पुसलं. "झालं. एवढंच आहे."

कडी वाजली. समीक्षा दारात उभी होती. साडी काढून तिने घरातला गाऊन घातला होता. ताठ उभी राहून, आईकडे नीट बघून ती म्हणाली, "धन्यवाद मंजुळा, या सविस्तर माहितीबद्दल."

मंजुळाने आधी श्रीपादकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ताई, ऐकलंत?" ती म्हणाली. ऐकलं, म्हटलं, चांगलं ऐकलं.

मग तिने तो पेढ्यांचा बॉक्स पुन्हा उघडला. पहिला पेढा समीक्षाला दिला आणि बॉक्स घेऊन तशीच शेजारी गेली. मी मागोमाग गेले, ही मजा मी सोडणार नव्हते. शेजारच्या काकूंनी दार उघडलं, बॉक्सकडे बघितलं आणि चेहरा फुलवून विचारलं, "जमलं वाटतं समीक्षाचं?"

"नाही," मंजुळा म्हणाली. "समीक्षाने नाही म्हणून सांगितलं." आणि तिने काकूंच्या हातावर दोन पेढे ठेवले.