भरलेल्या गाडीचे तास

व्हॅनमामांना सख्खी भाची एकच, पण त्यांना मामा म्हणणारी पोरं मोजायला बसलात तर दिवस मावळेल. उभा जन्म त्यांनी शाळेची व्हॅन चालवली. हॉर्नची खूण ठरलेली, दोनदा तुटक आणि एकदा लांब. तो वाजला की गल्लीतली पोरं तोंडात घास कोंबून, एका पायात मोजा घालून धावत सुटायची. मामा कुणाला ओरडायचे नाहीत, फक्त आरशातून बघायचे. तेवढं पुरायचं.

व्हॅन भंगारात गेली त्या दिवशी मामा जेवले नाहीत. मग आठवडाभराने काय मनात आलं कोण जाणे, एक जुनी इलेक्ट्रिक गाडी घेऊन आले. छोटीशी, फिकट निळी, मागच्या दाराला पोचा. मामी म्हणाल्या, "अहो, म्हातारपणी खेळणं आणलंत की काय?" पण खेळणं नव्हतं ते. लेक दुसऱ्या गावात, तिला वर्षाची छोकरी, आणि तिकडे जायचं तर बस तीनदा बदलायची. मामींचे गुडघे असे की बसच्या पहिल्याच पायरीवर त्या रडकुंडीला यायच्या. नात त्यांना फोनच्या काचेतूनच माहीत. आता दर रविवारी गाडीत बसायचं आणि थेट लेकीच्या दारात उतरायचं. पहिल्या रविवारी नातीने आजीला बघून भोकाड पसरलं, तिसऱ्या रविवारी ती आजीच्या मांडीवरून उतरेना. मामी येताना सगळा रस्ता बोलत होत्या आणि मामा नुसते हं हं करत होते, खूश.

तर आता गाडी चार्ज कुठे करायची? पार्किंगमध्ये सोसायटीचा एक प्लग होता, जिन्यातल्या दिव्यांच्या मीटरवरचा. मामा स्वतःहून सेक्रेटरीणबाईंकडे गेले. म्हणजे बाई बाहेरच्यांसाठी. मामांसाठी ती अजून खिडकीवालीच, कारण लहानपणी व्हॅनमध्ये खिडकी मिळाली नाही की ती ओकायची. आता चष्मा लावते, मीटिंगमध्ये भल्याभल्यांना गप्प करते, पण मामा समोर आले की उभी राहते.

मामा म्हणाले, फुकट नको, जे होईल ते लावा. कमिटी बसली. वेगळं मीटर लावायला खर्च, कोण करणार? शेवटी खिडकीवालीनेच तोडगा काढला. गाडी प्लगला जितके तास असेल तितक्या तासांचे पैसे. वॉचमन घड्याळ बघून पार्किंगच्या भिंतीवर खडूने रेघा मारणार. सोपं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मामांनी शब्द दिला.

घोळ झाला तो मामांच्या सवयीमुळे. व्हॅनच्या काळात एकदा डिझेल संपून पोरांसकट भर रस्त्यात उभं राहावं लागलं होतं, तेव्हापासून मामांचा नेम, गाडी उभी राहिली की टाकी भरून ठेवायची. तोच नेम इथे. गाडी लावली की प्लग लावला. प्लग निघायचा तो पुन्हा गाडी बाहेर काढतानाच. मग मध्ये चार दिवस गाडी जागची हललेली का नसेना. वॉचमन बिचारा इमानदार, तो रेघा मारत राहिला. भिंत पांढरी व्हायला आली.

महिनाअखेर आकडा ऐकला आणि मामांनी भिंतीवरच्या रेघा स्वतः पुन्हा मोजल्या. पण शब्द दिला म्हणजे दिला. त्यांनी गुपचूप पैसे भरले. मग दुपारचा बाहेरचा चहा बंद झाला. चष्म्याची मोडलेली काडी दोऱ्याने बांधली गेली. मामींनी विचारलं तर म्हणे दोऱ्याने हलकं वाटतं. पुढच्या महिन्यात एक रविवार हुकला, गाडीचा आवाज बरा वाटत नाही म्हणाले. अहो, त्या गाडीला मुळात आवाजच नाही. दुसरा रविवार हुकला तेव्हा मात्र मामींनी मामांना समोर बसवलं आणि सगळं वदवून घेतलं. मामा म्हणाले, ही गाडी आपल्याला झेपत नाही गं, विकून टाकू.

मामी उठल्या. भिंतीला धरून धरून पार्किंगमध्ये गेल्या. गाडीवरचा छोटा हिरवा दिवा स्थिर होता. मामींना मोटारीतलं काही कळत नाही, पण मोबाइल कळतो, नातीचा फोन यायचा म्हणून तो सतत भरलेला ठेवायच्या. त्यांनी वॉचमनला विचारलं, हा दिवा कधीपासून असाच आहे? तो म्हणाला, परवापासून. चार्ज होताना लुकलुकतो, भरली की असा होतो.

"म्हणजे हिचं पोट भरून दोन दिवस झाले," मामी म्हणाल्या, "आणि तू अजून वाढपाचे पैसे लावतोयस?"

वॉचमनने हातातला खडू खिशात टाकला.

मामी तशाच लिफ्टने खिडकीवालीच्या दारात. तिने आधी समजूत घातली, मग मोबाइलवर जिन्याच्या दिव्यांची बिलं काढली, आधीची आणि नंतरची. बिल वाढलं होतं चिमूटभर. मामांनी भरले होते ओंजळभर. लिफ्टला नवा रंग लागला होता ना, तो त्यातूनच. तासाचा हिशेब तिचाच होता. चष्मा काढून ती पुसत बसली, कितीतरी वेळ.

संध्याकाळी ती जास्तीचे पैसे घेऊन मामांकडे आली. मामांनी पाकिटाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, ठरलं तसं भरलं, आता मागे घेतलं तर शब्दाला काय किंमत, आणि प्लग काढला नाही ही चूक माझीच. ती समजावून दमली. मामी म्हणाल्या, दगडावर डोकं आपटतेयस बाळा.

मग ती अचानक म्हणाली, "मामा, मी व्हॅनमध्ये ओकले होते, नव्या सीटवर. आईने धुवायचे पैसे पाठवले होते. तुम्ही माझ्याच दप्तरातून परत पाठवलेत. का?"

मामा हसले. "अगं, पाणी नळाचं, हात माझे. माझं काही गेलंच नव्हतं. मग पैसे कशाचे घ्यायचे?"

"मग गाडी भरल्यावर सोसायटीचं काय गेलं?"

मामी पदराआड हसल्या. मामांनी पाकीट उचललं, ते मोजलं नाही, मामींच्या हातात दिलं आणि म्हणाले, खिडकीत बसून बसून बरीच हुशार झाली ही.

प्लगला आता छोटं मीटर लागलंय. जेवढी वीज तेवढे पैसे, मामांनी प्लग जन्मभर लावून ठेवला तरी हरकत नाही. वॉचमनने भिंत पुसली, पण थोडा पांढरेपणा राहिलाच.

रविवारी सकाळी मामींनी नातीसाठी विणलेलं टोपडं घेतलं आणि गाडीत बसल्या. मामांनी नव्या काडीचा चष्मा लावला, आरसा नीट केला, आणि उगाचच हॉर्न वाजवला. दोनदा तुटक, एकदा लांब.

वरच्या मजल्यावर धाडकन दार उघडलं. खिडकीवाली धडाधड जिना उतरत खाली आली, एका पायात चप्पल, हातात अर्धा खाल्लेला टोस्ट. गाडीपाशी आली आणि थबकली. आपण का आलो हे तिचं तिलाच कळेना.

मामांनी आरशातून बघितलं.

"उशीर झाला तुला," ते म्हणाले. "आणि आज खिडकी मामींची आहे."