मोरी खडकाच्या खाचरात

मुळशी तालुका अख्खा पाठ असलेला माणूस पृथ्वीतलावर एकच, आणि तो नेमका आमचा घरमालक आहे. लातूरहून नोकरीसाठी आलेला मी नांदे गावात खोली बघायला गेलो, तेव्हा भाडंबिडं असले किरकोळ विषय बाजूला सारून नानांनी मला थेट गच्चीवर नेलं. नव्या भाडेकरूला किल्लीच्या आधी तालुका दाखवायचा, हा त्यांचा नेम. "ती लवळ्याची टेकडी. तितं आमी गुरं चारली, आता जगाची पोरं शिकत्यात. त्या अंगाला पौड. एस्टी तितं, कचेरी तितं." मग मावळतीकडे हात करून म्हणाले, "हितनं फुडं भात, हितनं मागं काँप्युटर. मदी आमी." एवढ्या थोडक्यात तालुका मला पुढे कुणीच सांगितला नाही.

नानांच्या लेखी इमारती नसतातच. इथे भाताच्या प्रत्येक खाचराला नाव असायचं आणि वर चार मजले चढले तरी ते नाव हलत नाही, असं त्यांचं ठाम मत. एकदा मी न्हाणीघरातल्या नळाची धार बारीक झाल्याची तक्रार केली. नाना गंभीरपणे म्हणाले, "व्हनारच. सयपाकघर तुमचं चिंचेच्या खाचरात, मोरी खडकाच्या. त्या खडकात पानी कदी थांबलंय व्हय?" प्लंबरने वॉशर बदलला, धार सुरू झाली. नानांनी श्रेय पावसाला दिलं. माझी बिर्याणी घेऊन येणाऱ्या माणसाला तर त्यांनी फोनवर "वाण्याच्या खाचरातून डावीकडं" असा पत्ता सांगितला. तो बिचारा तासभर टॉवरांमधून फिरला.

इमारतीमागे एकच खाचर उरलंय, निवदाचं. त्यातल्या नव्या तांदळाचा भात आधी ग्रामदैवताला, मग घरात. गेल्या वर्षी दोन्ही मुलांनी ते विकायचं ठरवलं. मुलं वाईट नाहीत. लावणी करणार कोण, हा त्यांचा प्रश्न खराच होता. सहीच्या दिवशी नाना माझ्या गाडीतून पौडला निघाले. वाटेत त्यांनी एकाही शेताचं नाव घेतलं नाही, तेव्हा मला धसकाच बसला.

कचेरीत त्यांनी कागद दोनदा वाचला. "ह्यात खाचराचं नाव कुटं हाय?"

"नाना, कागदावर गट नंबर असतो," थोरला म्हणाला.

"मंग हे दुसऱ्या कुनाचं तरी आसंल. दुसऱ्याचं मी कसं इकू?" पेनाला टोपण लावून नाना उठले. मुलं महिनाभर बोलली नाहीत. मला मात्र टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

परतताना त्यांनी दिसेल त्या टॉवरखालच्या खाचराचं नाव माझ्याकडून म्हणवून घेतलं. "पोरं आयकत न्हाईत, तुमी पाठ करा. माज्या माघारी खाचर ऱ्हाईल का ठावं न्हाई. नाव तरी ऱ्हाऊ द्या." लातूरच्या माणसाने मुळशी पाठ केली.

यंदा निवदाच्या खाचरात भात उभा आहे. पण नानांचे गुडघे गेलेत, गच्ची चढवत नाही. नवा भाडेकरू आला की मीच त्याला वर नेतो. लवळे, पौड, फुडं भात, मागं काँप्युटर, सगळं क्रमाने दाखवतो. मधे जरा थांबलो, की खाली अंगणातून आवाज येतो, "निवदाचं दावलं का?"

"दावलं, नाना," मी वरून ओरडतो.