फुलांच्या सोसायटीचे तीन सर्व्हर

"पोरी, तुझी मशीनं उठली का अजून झोपलीत?" बस्त्याव काकांनी दारातूनच विचारलं.

उठली होती. तिन्ही. दिवे लुकलुकत होते, पंखे घोंघावत होते. पण माझ्या लॅपटॉपवर तिन्हींच्या नावापुढे एकच शेरा होता: 'नॉट रेडी'. आणि ऑफिसबाहेर बायका सोनचाफ्याच्या टोपल्या घेऊन उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात मोबाईल, आणि मोबाईलवर गोल गोल फिरणारं चक्र.

हे गास गावातलं एका फूल उत्पादक सोसायटीचं ऑफिस. काका तिचे चेअरमन. मी एव्हरशाईन सिटीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनीअर. सोसायटीला ऑर्डरचं ॲप आम्ही करून दिलं होतं. त्याआधी काय चालायचं ते सांगते, कारण त्याची मला भयंकर चीड होती. दादरच्या व्यापाऱ्यांचे फोन यायचे दोन-तीन मोठ्या वाडीवाल्यांना. ते आधी आपली फुलं भरायचे. मग काही उरलंच तर लहान वाडीवाल्या बायकांना निरोप. निरोप पोचेपर्यंत चाफा मलूल. याला गावात 'पद्धत' म्हणत. मी याला मक्तेदारी म्हणते. ॲपमध्ये ऑर्डर सगळ्यांना एकाच वेळी दिसणार होती आणि जिच्याकडे जेवढी फुलं, त्या प्रमाणात वाटली जाणार होती.

रविवारी सोसायटीची मीटिंग होती. ॲप ठेवायचं की गुंडाळायचं, ते तिथे ठरणार. दसरा तोंडावर. गुंडाळलं की पुन्हा तेच फोन, त्याच वाड्या.

मी पराग सरांना फोन लावला. सर म्हणजे आमचे बॉस. सर्व्हर त्यांनीच बसवले होते.

"शलाका, रीस्टार्ट मार ना. डेमोला मस्त चाललं होतं."

"सर, डेमोला फुगेही लावले होते. तेही फुटले."

"बरं, तू बघ."

"बघते. पण आधी सांगा, सर्व्हरची तयारी पूर्ण केली होती का?"

"अगं, उद्घाटनाला पाहुणे यायचे होते. बेसिक केलं होतं."

बेसिक! आपल्याकडे रस्ते असेच होतात, गटारं अशीच होतात. पाहुणे येईपर्यंत टिकलं की झालं. फीत कापली, फोटो काढला, पुढचं कोण बघतो? फुटपाथ आणि टँकरच्या पाण्यावर मी इतकी पत्रकं वाटली आहेत की 'बेसिक केलं' हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. आता हे माझ्याच कंपनीत.

थोडं समजावून सांगते. सॉफ्टवेअर हल्ली कंटेनरमध्ये भरून देतात. कंटेनर म्हणजे डबा. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान त्या एका डब्यात. हा डबा कुठल्याही मशीनवर उघडता येतो. अशी काही मशीनं एकत्र बांधली की त्याला क्लस्टर म्हणतात. पंगतीत तिघं वाढायला असतात, एकाची कंबर धरली तर बाकीचे दोघं त्याची बादली उचलतात, तसंच. जेवणाऱ्याला कळतही नाही. मात्र वाढपी आधी तयार हवेत. प्रत्येक मशीनवर एक मुकादम प्रोग्रॅम असतो. डबे उघडणं, बंद करणं त्याच्याकडे. हा मुकादम महाहट्टी. त्याच्या अटी पुऱ्या झाल्याशिवाय तो कामावरच येत नाही.

त्यातली एक अट म्हणजे स्वॅप बंद हवा. मशीनची मेमरी भरली की ते थोडं सामान डिस्कवर ठेवतं. ही जी माळ्यावरची जागा, तो स्वॅप. माळ्यावरून सामान काढायला वेळ लागतो, म्हणून मुकादमाला तो चालत नाही. स्वॅप दोन प्रकारे बंद होतो. एक, आत्तापुरता. दुसरा, कायमचा. सरांनी आत्तापुरता केला होता. मशीन बंद होऊन सुरू झालं की स्वॅप परत हजर आणि मुकादम संपावर.

मी तिन्हींवर स्वॅप बंद केला. मुकादम कामावर आले, शेरे हिरवे झाले. बाहेरून मार्शलीन मावशीचा आवाज आला, "आली गो, ऑर्डर आली! माझी दिसते!" मावशीची वाडी लहान, झाडं मोजकी, पण चाफा असा की पिशवी बंद असली तरी वास लपत नाही. ऑफिस उघडणं आणि बंद करणं तिच्याचकडे होतं.

स्वॅप आत्तापुरताच बंद ठेवला होता, तोही मुद्दाम. मशीनं पुन्हा बंद पडली तर लगेच कळावं म्हणून. मला वेगळाच प्रश्न पडला होता. मशीनं बंद झालीच कशी? रीस्टार्ट कुणी केलं नव्हतं. लाईट थोडा वेळ गेली तर आधाराला बॅटरीवाला यूपीएस होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिन्ही 'नॉट रेडी'. मी मशीनमधल्या नोंदी वाचल्या. संध्याकाळनंतर मशीनं धाडकन गेली होती आणि सकाळी परत आली होती.

म्हणजे लाईट. रोज, तासन् तास, यूपीएसची बॅटरी संपेपर्यंत.

माझं पित्त खवळलं. तिथेच बसून वीज कंपनीला निवेदन लिहिलं. 'दसऱ्याच्या तोंडावर गासच्या फूल उत्पादकांना अंधारात ढकलणाऱ्या बेजबाबदार कारभाराचा आम्ही तीव्र निषेध करतो.' काकांनी मोठ्यानं वाचलं, दोनदा.

"झक्कास लिहिलंस. पन आमच्याकडे रातची लाईट गेलीच नाय गो. मी मॅच बघत होतो."

"काका, ऑफिसची लाईन वेगळी असेल."

"असेल," म्हणाले आणि सही ठोकली. बाकीच्यांनीही केल्या. शेजारच्या बिजूकाकांनी सही करता करता तक्रार घातली, "त्यात ह्येपन लिहा, तुमच्या ऑफिसात कसलातरी पक्षी शिरलाय. अंधार पडला की टिवटिव टिवटिव. झोप नाय."

"पक्ष्याची तक्रार वीज कंपनीला कशी करू?"

"मग जंगलखात्याला करा!"

निवेदन द्यायच्या आधी लाईट जाते ती वेळ स्वतः डोळ्यांनी बघून लिहावी, म्हणून मी त्या दिवशी ऑफिस बंद होईपर्यंत थांबले. मावशीनं खिडक्या लावल्या. टेबलं पुसली. भिंतीवरच्या मदर मेरीच्या तसबिरीपुढे क्रूसाची खूण केली. मग दाराजवळ गेली आणि मेन स्विच खाली ओढला. ठक्क.

अंधार. आणि कोपऱ्यातून यूपीएस बोलायला लागला. टिव. टिव. टिव.

"मावशी!"

"काय गो? घाबरलीस?"

"मेन बंद केलात?"

"मग? रोज करते. इथं बारक्या पोरालापन विचार. माझ्या सासऱ्याच्या वाडीतली पंपाची पेटी जळली होती, लाईट जाऊन एकदम आली तेव्हा. तेव्हापासून आमच्याकडे मेन बंद केल्याबिगर कोन घराबाहेर पडत नाय."

"अहो, पण तुम्हाला सांगितलं होतं ना, सर्व्हर बंद करायचे नाहीत म्हणून?"

मावशीचा चेहरा एकदम गंभीर झाला. "देवाशप्पथ, मी त्या मशीनींना हात पन लावला नाय! फडकंसुद्धा लांबून मारते. मी फक्त मेन बंद केला."

मी तिच्याकडे बघितलं, ती माझ्याकडे. यूपीएस म्हणाला, टिव.

"हाच तो बिजूकाकांचा पक्षी," मी म्हटलं.

मावशी पायरीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मीही तिच्या शेजारी बसून तेच केलं. वीज कंपनीचा निषेध माझ्या पिशवीत होता, आठ-दहा सह्यांसकट. तो फाडला. सकाळी काकांना सांगितलं तर म्हणाले, "अरे देवा! आता माझी सही वाया गेली. जरा दुसऱ्या कोनाचातरी निषेध लिही, माझी सही तयार आहे."

पराग सर मात्र हसले नाहीत. ते स्वतः आले, सोबत लोखंडी पेटी आणि कुलूप. मेन स्विच पेटीत बंद करायचा, चावी आमच्याकडे. वर लाल अक्षरांत सूचना.

"सर, हे ऑफिस कुणाचं?"

"त्यांचं. पण सिस्टीम आपली आहे."

"सिस्टीमही त्यांचीच आहे. त्यांनी आग बघितली आहे, म्हणून मेन बंद करतात. आणि आपण त्यांच्या घरात आपलं कुलूप लावणार?"

"मग रोज लाईट घालवणार का? असा क्लस्टर कुठे चालतो?"

"रात्री इथे ऑर्डर येतच नाहीत. रात्रभर चालायची गरज काय? झोपवा नीट, उठवा नीट. हे आपलं काम. आपण केलेलं नाही."

सरांनी कुलूप बॅगेत परत टाकलं आणि म्हणाले, "बोल, मी काय करू?" हे मात्र मला मनापासून आवडलं. सगळे बॉस असं विचारत नाहीत.

मग आम्ही जी तयारी उद्घाटनाआधी व्हायला हवी होती, ती केली. स्वॅप कायमचा बंद. मशीन नीट झोपवलेलं असलं तरी लाईट आली की बटण न दाबता स्वतः सुरू व्हावं, अशी सेटिंग. मशीन उठलं की मुकादम न बोलावता कामावर. तिन्हींची घड्याळं एका वेळेला लावली, कारण घड्याळं पुढेमागे असली की मशीनं एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत. सॉफ्टवेअरचे डबे तिन्हींवर आधीच उतरवून ठेवले, कारण गासमध्ये सकाळच्या नेटचा भरवसा धरणं म्हणजे कमालच. शेवटी यूपीएसची वायर मशीनला जोडली. मेन गेला की यूपीएसनं सांगायचं, मशीनांनी ऑर्डरी नीट डिस्कवर ठेवायच्या आणि शांतपणे झोपायचं. धाडकन नाही.

चाचणीचं काम मावशीला दिलं. "ओढा मेन."

"खरंच ओढू?"

"बिनधास्त."

ठक्क. टिव, टिव, मग शांतता. मेन वर. चहा उकळेपर्यंत तिन्ही हिरवे. मावशीला इतकी मजा आली की आम्ही न सांगता तिनं आणखी कितीतरी वेळा ओढला. प्रत्येक ठक्क झालं की पराग सर डोळे मिटायचे. संध्याकाळी त्यांनी मिटायचंही सोडून दिलं.

रविवारची मीटिंग ऑफिसच्याच हॉलमध्ये भरली. मोठ्या वाडीवाल्यांपैकी एक जण पाय लांब करून बसले होते. म्हणाले, "ॲप बिप ठीक आहे. पन लाईट गेली की काय करनार? माझा फोन चार्ज असतो बाबा."

काकांनी मावशीकडे बघितलं. मावशी उठली, पदर खोचला आणि भर मीटिंगमध्ये मेन खाली ओढला.

पंखे थांबले. प्रोजेक्टर विझला. एकच ओरडा झाला. "अगो, काय करतेस?" "येडी झाली काय?" यूपीएस टिवटिवायला लागला तसे बिजूकाका टाळी मारून ओरडले, "हाच तो!" मग टिवटिवही थांबली. तिन्ही मशीनं झोपली. हॉलमध्ये घाम आणि अजेंड्याच्या कागदांनी वारा घेणारी माणसं. पराग सर माझ्या कानात पुटपुटले, "नाही उठली तर?"

मावशीनं मेन वर केला. पंखे फिरले. प्रोजेक्टर लागला, पडदा निळा. थोडा वेळ निळाच राहिला, आणि त्या थोड्या वेळात मी मनातल्या मनात राजीनामा लिहून काढला. मग एक हिरवा. दुसरा. तिसरा. आणि पडद्यावर सकाळच्या सगळ्या ऑर्डरी, एकही न हरवता. वरून दुसऱ्या ओळीत मार्शलीन मावशीचा सोनचाफा.

"माझा!" मावशी ओरडली.

बायकांनी असा काही गलका केला की ठराव वाचायची गरजच उरली नाही. तरी काकांनी तो वाचला, सही करायला मिळावी म्हणून. पाय लांब केलेल्या गृहस्थांनी पाय जवळ घेतले आणि मला हळूच विचारलं, "माझ्या फोनात टाकून देता का ते ॲप?" दिलं. ऑर्डरीत त्यांनाही त्यांचा वाटा आहे. फक्त वाट्याएवढाच.

मी यातून शिकले ते एवढंच. सर्व्हर बसवायच्या माहितीपुस्तिकेत स्वॅप असतो, घड्याळ असतं, मेमरी किती हवी तेही असतं. संध्याकाळी ऑफिसातून शेवटी कोण निघतं आणि निघताना काय करतं, हे त्यात कुठेच नसतं. आता कुठल्याही नव्या जागी मी पहिला प्रश्न हाच विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत लॅपटॉप उघडत नाही. गिऱ्हाईकाला वाटतं, पोरगी टाईमपास करते आहे. वाटू दे.