हान बाईंनी मान वाजवायला नकार दिला

“ताई, तुम्ही तरी सांगा ना त्यांना. एकदाच कडकन वाजवू दे म्हणावं मान. शनिवारी विमानात बसायचंय मला.”

मिलिंद घाटे उपचाराच्या टेबलावर बसून माझ्याशी मराठीत बोलत होता. समोर हान बाई उभ्या होत्या. त्यांना मराठी येत नाही, पण त्याच्या हातवाऱ्यांवरून तो काय मागतोय ते त्यांना कळलं. “नाइन,” त्या जर्मनमध्ये ‘नाही’ म्हणाल्या आणि सुयांचा ट्रे उचलून आत गेल्या.

मी हॅनोव्हरमध्ये अकरा वर्षं फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्या क्लिनिकमधली मागची खोली हान बाईंची. वय साठीच्या पुढे. कोरियात त्या पारंपरिक वैद्यकाच्या डॉक्टर होत्या. ती पदवी इथे चालत नाही, म्हणून त्यांनी जर्मनमध्ये परीक्षा देऊन हाइलप्राक्टिकरचा परवाना काढला. म्हणजे डॉक्टर नसतानाही ठरावीक उपचार करायची सरकारी मुभा. दुपारी दोघींना वेळ असला की त्या मला सातूचा चहा पाजतात आणि ‘तुझ्या सुनेत काही दोष नाही’ असं पुनःपुन्हा सांगतात. मला सून नाही. त्या स्वतःच्या सुनेबद्दल बोलत असतात.

मिलिंद वोल्फ्सबुर्गला सॉफ्टवेअरमध्ये आहे. मानेच्या दोन मणक्यांमधली गादी सरकून त्याची एक नस दाबली गेली होती. डावा हात खांद्यापासून अंगठ्यापर्यंत ठणकायचा. डॉक्टरांनी त्याला व्यायामासाठी माझ्याकडे पाठवलं. हान बाईंचे उपचार त्याने आपणहून जोडले. त्या मानेला गरम शेक द्यायच्या, खांद्यात आणि हातात बारीक सुया लावायच्या, मग डोकं दोन्ही तळव्यांत धरून अगदी हलकेच ताण द्यायच्या. हातांनी करायच्या या उपचाराचं कोरियन नाव ‘चुना’. ते ऐकल्यावर मिलिंदची बायको अनघा म्हणाली होती, “आम्हाला लावणार नाहीत ना?” हा विनोद मला हान बाईंना समजावून सांगता आला नाही.

चुनामध्ये मान झटक्यात वळवायचाही एक प्रकार असतो. मिलिंदच्या ऑफिसातल्या कुणाला तो कुठेतरी लागू पडला होता. आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती, म्हणून मिलिंद पुण्याला निघाला होता. त्याआधी त्याला तोच झटका हवा होता.

तसा त्याला आरामही पडत होता. दुखणं दहापैकी आठवरून तीनवर आलं होतं. सलग तीन वेळा मी त्याच्या कागदावर ‘छान प्रगती’ असं लिहिलं होतं.

हान बाई आत गेल्यावर तो रिसेप्शनवर तक्रार करून आला. पाठोपाठ आमचे मालक हेर ब्रांट आले.

“पेशंट स्वतः मागतोय. अडचण काय आहे?”

हान बाई बाहेर आल्या. “अडचण त्याच्या बाह्यांत आहे.”

आम्ही सगळ्यांनी मिलिंदच्या शर्टाकडे पाहिलं. दोन्ही मनगटांवरची बटणं उघडी होती.

“गेल्या वेळीही उघडीच होती,” हान बाई म्हणाल्या. “त्याच्या आधीच्या वेळी पडद्यामागे शर्ट घालायला त्याला फार वेळ लागला. विचार त्याला.”

मी विचारलं. मिलिंद हसला. “अहो ताई, घाईत राहून जातं.”

कोपऱ्यात बसलेली अनघा मात्र हसली नाही. “महिनाभर मीच लावतेय बटणं. मला वाटलं, हात दुखतो म्हणून.”

“कोणता हात?” मी विचारलं.

“दोन्ही. आणि टायपिंगमध्ये चुका होतात म्हणून यानं नवीन कीबोर्ड आणलाय.”

दुखत होता फक्त डावा हात.

मी त्याला मुठी भराभर उघडायला-मिटायला सांगितलं. धडधाकट माणूस हे दहा सेकंदांत वीसेक वेळा करतो. मिलिंदच्या बाराही झाल्या नाहीत. मग एका पावलाला दुसरं पाऊल चिकटवून सरळ रेषेत चालायला लावलं. तिसऱ्या पावलाला तो कलला आणि हेर ब्रांटनी त्याचा दंड धरला. गुडघ्यावर हातोडी टेकवताच पाय जोरात उडाला. ही सगळी चिन्हं नस दाबल्याची नव्हती. गादी आता मधोमध सरकून मज्जारज्जूवर, म्हणजे मेंदूपासून खाली येणाऱ्या मुख्य दोरावर, दाब देत असावी. अशी मान झटक्यात वळवली असती, तर त्याचे हातपाय जाऊही शकले असते.

“शनिवारी नाही जायचं,” मी म्हणाले.

“ताई, बाबांनी हॉल घेतलाय. सगळे येणारेत.”

“मिलिंद,” अनघा म्हणाली, “बाबांना मी फोन करते.”

मी लगेच त्याच्या डॉक्टरांना फोन लावला. त्याच दिवशी तो हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. नवीन एमआरआयमध्ये तेच दिसलं. शुक्रवारी ऑपरेशन झालं.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मी हान बाईंच्या खोलीत जाऊन बसले. लाज वाटत होती. शिकलेली मी, तपासायला हवं होतं मी, आणि तीन आठवडे मी त्याला फक्त दुखणं किती आहे एवढंच विचारत होते.

त्यांनी कप पुढे केला. “तुम्ही दोघं एका भाषेत बोलता. तू त्याच्या तोंडाकडे बघत होतीस. मला काही कळत नव्हतं, म्हणून मी हातांकडे बघत बसले.”

मी रडले थोडी. त्यांनी माझ्या खांद्यात दोन सुया लावल्या. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

मिलिंद तीन महिन्यांनी परत आला. चाल सरळ झाली होती. उजवा हात पूर्ववत होता, डाव्या हाताची दोन बोटं अजून जराशी बधिर. त्याच्या आईबाबांनी सोहळा पुढे ढकलला होता, तो तिथे जाऊनही आला होता. आईने बेसनाच्या लाडवांचे दोन डबे दिले होते. त्यातल्या मोठ्यावर चिठ्ठी होती: ‘कोरियाच्या बाईंना’. सर्जनची परवानगी घेऊन हान बाईंनी त्याच्या आखडलेल्या खांद्यांना पुन्हा सुया सुरू केल्या. सुयांनी दुखणं उतरतं, हे मी पाहिलंय. सरकलेली गादी सुयांनी जागेवर जाते, असा दावा हान बाईंनी स्वतःही कधी केला नाही.

मी एवढंच शिकले की दुखणं कमी होणं आणि माणूस बरा होणं या दोन वेगळ्या नोंदी आहेत. आता मराठी पेशंट आला की पहिली दहा मिनिटं मी त्याच्याशी जर्मनमध्येच बोलते, म्हणजे नजर हातांकडे राहते. काहींना मी शिष्ट वाटते. वाटू दे.