उंच ग्लासातलं पाणी
स्केचपेनचा वास आला की मला नल्लकुंटा वस्तीतल्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. सरकारी कारखाने बंद पडणार असं जो तो म्हणत होता, ह्यांची नोकरी जाणार हेही दिसत होतं, म्हणून अर्धवट राहिलेली डिग्री आणि मग बी.एड. करायला मी आठ महिन्यांच्या लेकीला नांदेडला आईकडे ठेवलं. बी.एड. संपत आलं तेव्हा परत आणली, तोवर ती चार वर्षांची झाली होती. त्या दुपारी मी फरशीवर बसून बालविकासाच्या सिद्धांतांची तुलना करणारा तक्ता रंगवत होते. एका रकान्यात होतं, समज पायरीपायरीने वाढते, लहान मुलाला उंच ग्लासात पाणी जास्त वाटतं. शेजारी होतं, पहिल्या वर्षात आईवर विश्वास बसावा लागतो. तिथे माझा हात थांबला. मुलं आपली आपण पायऱ्या चढत असतील तर माझं काही चुकलं नव्हतं. वेड्यासारखी उठले आणि लेकीसमोर वाटीतलं पाणी उंच ग्लासात ओतलं. "आता जास्ती झालं का गं?" "हौ," ती म्हणाली. अगदी पुस्तकातल्यासारखं! तिथेच थांबायचं, तर मी विचारलं, "एवढं पाणी कुणाला देशील?" "आजीला." "आणि मला?" तिने रिकामी वाटी माझ्याकडे सरकवली. तक्त्याला पैकीच्या पैकी मार्क मिळाले, नोकरीही लागली. लेक आता माहेरपणाला येते, माझी काळजीही करते, फक्त तहान लागली की माठापाशी थांबून विचारते, "पाणी घेऊ का?"