मुंबई-बंगळुरू, पावणेदोन तास

डिलाईल रोडला आमच्या चाळीखालीच माझं तिकीट बुकिंगचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि मी. माणसं विमानाने निघून जातात, त्यांचे किस्से माझ्या टेबलावर साचतात. सगळे हसून सांगण्यासारखेच आहेत. हल्ली मलाच हसू कमी येतं.

*

दुसऱ्या माळ्यावरच्या परबकाकू मुलीकडे बंगळुरूला निघाल्या. "किती वेळ रे?"

"पावणेदोन तास, काकू."

काकूंनी बांगडे तळून डब्यात भरले आणि 'दुपारी जेवायलाच येते' असं मुलीला कळवलं. संध्याकाळी मला फोन. "मेल्या, विमानातून उतरून दोन तास झाले, अजून टॅक्सीतच आहे! आणि हा ड्रायव्हर सगळ्या काचा उघडून बसलाय!"

*

कदम मास्तर तर नकाशाच घेऊन आले. "दिल्ली लांब, गोवा जवळ. मग गणपतीत गोव्याचं तिकीट महाग कसं?"

"मास्तर, भाडं अंतरावर नसतं. गरजेवर असतं."

मास्तरांनी नकाशाची घडी घातली. "म्हणजे माणसांसारखंच की!"

*

आमच्या शेजारचे नाना धुरी. सगळी नोकरी गिरणीत गेली, बायकोही गेली. एकुलता एक महेश बंगळुरूला. तो माझा वर्गमित्र. नानांकडे दीड दिवसाचा गणपती बसतो आणि मूर्ती घरच्या मुलाने आणायची हा त्यांचा रिवाज. त्यामुळे श्रावण लागला की नाना टेबलासमोर हजर.

"बंगळुरू किती रे?"

"पावणेदोन तास, नाना."

"म्हणजे आमच्या एका पाळीत पोरगा दोनदा येऊन जाईल!"

ते खूश होऊन चहा सांगायचे. दर वर्षी हेच.

*

महेश नानांना नाही, मला फोन करतो. "यार, नाही जमणार. त्यांना सांग, फ्लाईट फुल्ल आहेत."

पहिल्या वर्षी मी सांगितलं. नाना विचारात पडले. "उभ्यानं येता येत नाय काय रे?"

तेव्हा मी हसलो होतो, त्याची आज लाज वाटते. तीन वर्षं नानांची मूर्ती मीच आणतोय. खोटंही मीच बोलायचं, आणि 'मोरया'ही मीच म्हणायचं!

*

यंदा विसर्जनानंतर नाना इस्त्रीचा शर्ट घालून आले. आधार कार्ड टेबलावर ठेवलं.

"त्याला तिकीट मिळत नाय, तर मीच जातो. कळवू नको हं त्याला. एकदम दारात उभा राहीन."

मला राहवलं नाही. बाहेर जाऊन महेशला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्यांनापण फुल्लच सांग."

त्याला चार शिव्या घालायला हव्या होत्या. मी "बरं" म्हणालो. आत येऊन बसलो. स्क्रीनवर अर्ध्याहून जास्त सीट मोकळ्या होत्या.

"नाना, फुल्ल आहे."

"उद्याचं?"

"तेही."

"पुढच्या महिन्याचं बघ."

मी उगाच दोन-चार बटणं दाबली. "तेही, नाना."

नानांनी आधार कार्ड उचलून खिशात ठेवलं. दारापर्यंत गेले आणि वळले.

"तिकडून फुल्ल, इकडून फुल्ल. मग एवढी माणसं जातात तरी कुणाकडे रे?"