धाकूची चार पावलं

आमच्या नाहूरच्या चाळीतला धाकू परब गिरणीत फिटर होता. बावन्न साली पट्ट्यात सापडून त्याचा उजवा खांदा कायमचा गेला. तोवर नारळी पौर्णिमेच्या नारळफेकीत सलग सहा वर्षं तोच पहिला. खाडीची पूजा झाली, की पूजेतलाच एकेक नारळ उचलून फेकायचा. ज्याचा लांब पडेल तो जिंकला. एवढाच आम्हा कोकणातल्या मंडळींचा खेळ. पंचांनी धाकूला मायेनं सांगितलं, "तू आता बसून प्रसादाचा खोबरा वाट." हे त्याला खांद्यापेक्षा जास्त लागलं.

मग गडी पेटला. मोटारीच्या स्प्रिंगचा जुना पाटा, बांबू, बायकोचं ॲल्युमिनियमचं पातेलं आणि मूठभर बोल्ट एवढ्यातून त्याने चाळीमागे नारळ फेकायचं यंत्र उभं केलं. दोरी धाकूनेच ओढायची, या अटीवर पंचही कबूल झाले. बायको शेवंतीने सरावाला एकच जुना नारळ दिला. "दुसरो मागल्यात तर बिनखोबऱ्याची आमटी खावची लागात!" तो नारळ आपटून आपटून पार तुळतुळीत झाला, पण ऐंशी पावलं जायचा. मी स्वतः मोजली आहेत. धाकूच्या मोजण्यावर माझा विश्वास नव्हता.

पौर्णिमेला काशीराम सावंताचा नारळ एकसष्ट पावलं गेला. धाकूने छाती काढून दोरी ओढली. पूजेच्या नारळाला भली मोठी शेंडी असते, हे जन्मभर पूजा करणारा हा शहाणा विसरला होता! शेंडी पातेल्यातल्या बोल्टात अडकली. नारळ सुटता सुटेना, आणि सुटला तो समोरच्या चिखलात धप्पकन. चार पावलं. लोक पोट धरधरून हसले. मीही हसलो, आणि मग माझी मलाच लाज वाटली.

काशीराम मात्र हसला नाही. पंचांना म्हणाला, "हो नारळ मोजू नका. तेचो हात असो अधू..."

"मोजा!" धाकू कडाडला. "मी खेळाक इलंय!"

संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर पंचांनी खेळणाऱ्यांची नावं वाचली. पहिला काशीराम सावंत. असं करत करत अगदी शेवटी, "धाकू परब, चार पावलं."

धाकू गर्दीतून पुढे आला. त्याचे डोळे भरले होते.

"माका नीट ऐकाक नाय इला," तो म्हणाला. "परत वाचा."